फ्लॅट घेण्याआधी वरचा मजला: सोलापुरातल्या रोजभाड्याच्या घराचं एक प्रकरण

हे कुटुंब माझ्याकडे रिटर्न भरायला येतं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आई घरी, मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. घर सोलापुरात, सात रस्ता चौकाच्या आतल्या गल्लीत, स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. खाली अण्णा-आई राहतात. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीला लागून जुनं न्हाणीघर. भाडेकरू गेल्यापासून सगळं बंदच होतं. नावं सांगत नाही आणि रकमा ढोबळ केल्या आहेत.

मुलाच्या डोक्यात मात्र शहराच्या जुळे सोलापूर भागातला ३८ लाखांचा टू बीएचके होता. फ्लॅट घ्यायचा, नीट सजवायचा आणि बुकिंग पोर्टलवर डेली बेसिसवर लावायचा. त्याचा हिशेब एका ओळीचा: रात्रीला अडीच हजार, महिन्याला २५ रात्री, झाले ६२,५००. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता २६ हजारांच्या आसपास. म्हणजे हप्ता भागून ३६ हजार हातात. एजंटानं त्याला आणखी हवा भरली. वंदे भारत २०२३ पासून धावतेय, २०२५मध्ये विमानही सुरू झालं, सोसायटी काही म्हणत नाही, आता थांबलात तर भाव हातचा जाईल, वगैरे.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लॉज काढायलाव का बे आपण?"

माझ्यासमोर बाप-लेक बसले तेव्हा मी दर आणि हप्ता दोन्ही बाजूला ठेवायला सांगितले. पहिला प्रश्न होता की सोलापुरात रात्री मुक्काम कोण करतं, आणि का.

महाबळेश्वर किंवा अलिबागसारखं सोलापूर हे फिरायला येण्याचं गाव नाही. भुईकोट किल्ला आहे, सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ आहे, पण त्यासाठी दोन रात्री काढणारा पाहुणा विरळाच. सोलापूर हा पडाव आहे. इथून अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर ७५. अक्कलकोटच्या पुढे कर्नाटकात गाणगापूर. मुंबई-पुण्याची कुटुंबं दोन दिवसांत हे सगळं उरकतात आणि मधली रात्र कुठंतरी काढतात. आता ती रात्र सोलापुरातच का काढावी? अक्कलकोटला आणि पंढरपूरला भक्तनिवास आहेत, स्वस्त आहेत, देवळाजवळ आहेत. त्यांच्याशी दरात झुंजण्यात अर्थ नाही. सोलापूरच्या वाट्याला येतं ते रेल्वेमुळे: मुंबईची वंदे भारत रात्री साडेदहानंतर पोचते, पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस दहाच्या आसपास. म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन त्या वेळी पुढे कोण जाणार?

दुसरा पाहुणा दवाखान्याचा. विजयपूर, इंडी, अफझलपूर, कलबुर्गी, धाराशिव, लातूर या सगळ्या पट्ट्यातून पेशंट सोलापूरला येतात. पेशंट आत असतो आणि बाहेर तीन-चार नातेवाईक. एक जण बाकावर झोपतो, बाकीच्यांना जागा लागते. भाताची पेज शिजवायला गॅस लागतो, कपडे वाळत घालायला दोरी लागते. लॉजमध्ये या दोन गोष्टी मिळत नाहीत.

तिसरे किरकोळ: लग्नाचे पाहुणे, विद्यापीठात परीक्षा किंवा मुलाखतीला आलेली पोरं, कंपनीच्या कामाला आलेले लोक.

मुलाच्या २५ रात्री इथंच गळाल्या. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा म्हणून बुधवारची रात्र जाते. शनिवार जातो. तुळजापूरसाठी नवरात्र आणि कोजागरी, पंढरपूरसाठी आषाढी-कार्तिकी, अक्कलकोटला चैत्रातला प्रकटदिन आणि पुण्यतिथी, डिसेंबरात दत्तजयंती, जानेवारीत सोलापुरातच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. एवढं धरूनही सोमवार-मंगळवार आणि पावसाळ्यातले आठवडे रिकामेच दिसतात. मी महिन्याला बारा-तेरा रात्री धरायला सांगितल्या आणि दर दोन हजारांच्या खाली. म्हणजे ६२,५०० चे झाले पंचवीस हजार, तेही खर्च न काढता. हप्ता २६ हजार. एवढा हिशेब त्याला बैठकीतल्या बैठकीत पटला, कारण पोरगा गणितात अण्णांचाच.

मग मी विचारलं, वरच्या मजल्याचं काय?

कागद आधी, खाट नंतर

फ्लॅटच्या बाबतीत सोसायटीचा प्रश्न एजंटाच्या तोंडी शब्दावर सोडता येत नाही. रोज नवी माणसं बॅगा घेऊन जिन्यात दिसली की पहिली तक्रार पाण्याची येते, दुसरी पार्किंगची, आणि तिसरीला विशेष सभा लागते. सदनिका निवासासाठी आहे, रोजाच्या धंद्याला नाही, असा ठराव झाला तर हप्ता मात्र चालूच राहतो. सोसायटीचं लेखी पत्र हाती नसेल तर टोकनही देऊ नये. स्वतंत्र घरात ही कटकट नाही. गल्ली सांभाळली की झालं. आईंनी त्याची सोय केली. पहिला पाहुणा येण्याआधी आजूबाजूच्या चार घरी जाऊन स्वतः सांगून आल्या की अशी अशी माणसं येतील, गाडी कुणाच्या दारात लागणार नाही.

मालक राहतो त्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी राज्यात न्याहारी-निवास योजना आहे, नोंदणी पर्यटन खात्याकडे होते. अण्णा खालीच राहत असल्यामुळे हे घर त्यात सरळ बसलं. पोलीस ठाण्यात माहिती दिली. एक जाड रजिस्टर आणलं. प्रत्येकाचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, कुठून आले, कुठं जाणार. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं, हेही अण्णांनी पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलंय. अजून तशी वेळ आलेली नाही.

जेवण द्यायचं नाही हे सुरुवातीलाच ठरलं. अन्न विकायचं तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती काही अवघड नाही. पण सत्तरीला टेकलेल्या बाईनं पहाटे आठ जणांच्या पोह्यांना उभं राहायचं का, हा खरा प्रश्न होता. चहा-साखर आणि गॅस वर ठेवला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गल्लीतल्याच एक बाई करून देतात, पाहुणा त्यांना परस्पर पैसे देतो.

पॅन कुणाचा लावायचा, यात मात्र मुलानं घाई केली होती. पोर्टलवर खातं स्वतःच्या पॅनवर आणि स्वतःच्या बँकेवर उघडलं. घर अण्णांच्या नावावर, पाहुणचार अण्णांच्या घरात, आणि उत्पन्न दिसणार ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या मुलाचं. ते खातं बंद करून अण्णांच्या नावानं नवं काढलं. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यावर येतो. अण्णांची पेन्शन आणि हे उत्पन्न मिळून त्याच्या बरंच आत राहतं. डागडुजीला मुलानं वडिलांना दिलेले पैसे ही करमुक्त भेट ठरते आणि त्यातून आलेलं उत्पन्न मुलाच्या डोक्यावर येत नाही. हेच पैसे त्यानं बायकोच्या नावानं गुंतवले असते तर उत्पन्न फिरून त्याच्याच खात्यात जोडलं गेलं असतं. चहा, चादरी, साफसफाई अशा सेवांसह रोजावर दिलेलं घर साधारणपणे व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं. खर्च वजा मिळतो, पण घरभाड्यावरची ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बिलं जपायची. आईंनी त्यासाठी चिवड्याचा रिकामा डबा दिलाय.

जीएसटीची भीती लोकांना उगाच जास्त असते. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तुम्ही नोंदणीत नसाल आणि बुकिंग पोर्टलवरून आलं, तर त्यावरचा जीएसटी पोर्टलच पाहुण्याकडून घेऊन भरतं. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजार भाड्यापर्यंतच्या खोलीला तो पाच टक्के झाला आहे. पोर्टल ०.१ टक्का टीडीएसही कापू शकतं, पण व्यक्तीचा पॅन दिलेला असेल आणि वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल तर तोही नाही.

खर्च कुठं झाला

न्हाणीघराची फोडाफोड, कमोड, दुसरं बाथरूम आणि गीझर मिळून १ लाख १० हजार. दोन एसी ७६ हजार. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या पुढे जाणाऱ्या गावात एसी हा शौक राहत नाही. खाटा-गाद्या ७० हजार, रंग ४०, इन्व्हर्टर २८, अंथरूण-पांघरूण २५, स्वयंपाकघर १८ आणि गच्चीवरची नवी टाकी १६ हजार. एकूण ३ लाख ८३ हजार. टाकी खरं तर नंतर बसली. ती का बसली ते सांगतो.

सोलापूरकराला पाण्याबद्दल सांगावं लागत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं, कधी वेळ पुढे-मागे होते. त्यामुळे प्रत्येक घरात हौद, हौदावर मोटर आणि गच्चीवर टाकी. अण्णा-आई दोघांचं घर या पाण्यात निवांत चालत होतं. डिसेंबरात एका बुधवारी साताऱ्याकडचं कुटुंब आलं. बुकिंग सहा जणांचं. टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरले अकरा. रात्री अकरा वाजता आजीबाईंना दारातून परत पाठवणं आईंच्याच्यानं झालं नाही. गाद्या खाली टाकल्या, सगळे झोपले. पहाटे साडेतीनला आंघोळी सुरू झाल्या, कारण अक्कलकोटच्या काकड आरतीला पोचायचं होतं. आठव्या माणसाच्या डोक्याला साबण असताना नळ फुसफुसला आणि थांबला. टाकी एकच, ती खालच्या-वरच्या दोन्ही मजल्यांना. अण्णांनी मोटर लावली तर हौदात वीतभर पाणी, नळाची पाळी दोन दिवसांवर. शेवटी शेजारच्या मामांच्या हौदातून बादल्या आणल्या आणि आईंनी चुलीवर पाणी तापवून वर दिलं. पाहुणे हात जोडून गेले. पोर्टलवर मात्र तीन तारे: "घर छान, माणसं देवासारखी, पाणी गेलं."

त्यानंतर वरच्या मजल्याची दोन हजार लिटरची टाकी वेगळी झाली, मधे व्हॉल्व्ह बसला. माणशी शंभर लिटर धरले तर सहा जणांच्या एका मुक्कामाला सहाशे लिटर जातात. पाळीच्या आदल्या दिवशी बुकिंग असेल तर टँकर आधीच सांगायचा. सहाच्या वर आठपर्यंत माणशी तीनशे रुपये, आठच्या वर नाही, मग आजीबाई असोत की कुणी. हा शेवटचा नियम अण्णा पाळतात. आईंना दारात पाठवायचंच नाही असं ठरलंय. पुण्यात बसून व्हिडिओ बघणारे लोक सजावट, लाइटिंग, भिंतीवरचं पोस्टर याबद्दल फार बोलतात. सोलापुरात घर पाण्यावर चालतं.

चादरींचंही असंच. सुनेनं हॉटेलसारख्या पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या होत्या. तुळजापूरचं कुंकू आणि बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा त्यावर बसला की धोबी हात वर करतो. आता मरून आणि गडद निळ्या चादरी आहेत, अंगावर घ्यायला सोलापुरी चादर. ती धुवायला जड आणि वाळायला वेळखाऊ, पण पाहुणे उठल्या उठल्या विचारतात, ही कुठं मिळेल? एखादा अस्सल चादरवाला गाठून कमिशन ठरवावं, असं मी दोनदा सुचवलं. अण्णांना ते शोभेनासं वाटतं.

वर्षाचा हिशेब

दिवाळीनंतर सुरू केलं, पुढच्या दिवाळीपर्यंत १५८ रात्री गेल्या. निम्म्याहून कमी. यात्रेकरूंचे ४६ मुक्काम, ५४ रात्री, सरासरी २,४०० रुपयांनी १ लाख २९ हजार ६००. दवाखान्याचे १४ मुक्काम, ७१ रात्री, १,४०० नं ९९ हजार ४००. बाकीचे २० मुक्काम, ३३ रात्री, दोन हजारांनी ६६ हजार. एकूण २ लाख ९५ हजार.

खर्चात सगळ्यात मोठा आकडा विजेचा असेल असं मुलाला वाटत होतं. वीज ३४ हजार, वरच्या मजल्याला सबमीटर लावल्यामुळे नेमकं कळलं. खरा खर्च पाहुणा बदलण्याचा निघाला. एक पाहुणा गेला आणि दुसरा यायचा की झाडलोट करणाऱ्या मावशींचे अडीचशे, धोब्याचे सव्वादोनशे, साबण-चहा-कचरा असे मिळून साडेपाचशे रुपये जातात. ८० मुक्कामांचे ४४ हजार. पोर्टलचं कमिशन १६ हजार, टँकर ९ हजार, इंटरनेट-गॅस-दुरुस्ती २७ हजार. एकूण १ लाख ३० हजार. हातात राहिले १ लाख ६५ हजार.

पहिल्या नजरेला यात्रेकरू फायद्याचा दिसतो, कारण दर हजारानं जास्त. पण तो सव्वा रात्रीत जातो. साफसफाई काढून एका यात्रेकरू मुक्कामामागे साधारण २,२५० उरतात. दवाखान्याच्या एका मुक्कामामागे साडेसहा हजार. दार एकदाच उघडायचं, किल्ली एकदाच द्यायची, चादरी एकदाच. शिवाय हे लोक सोमवार-मंगळवार बघत नाहीत आणि फोनवरूनच येतात, त्यामुळे कमिशन नाही. फोन का येतो? कारण अण्णांना कानडी येतं. अफझलपूरच्या माणसाला फोनवर आपल्या भाषेत "बर्री, बर्री" (या, या) ऐकू आलं की तो दुसरीकडे चौकशी करत नाही. ही गोष्ट कुठल्याच फ्लॅटसोबत विकत मिळत नाही. सुनेनं आता दवाखान्याच्या मुक्कामाला पाचव्या रात्रीपासून सवलत ठेवली आहे. त्यांच्याकडून पेशंटच्या तब्येतीवर अवलंबून अचानक रद्द होणाऱ्या रात्रींचे पैसे घ्यायचे नाहीत, हा अण्णांचा हुकूम. धंद्याच्या नजरेनं मला तो सुरुवातीला जड वाटला होता, पण पुढचा फोन त्याच गावातून येतो हे रजिस्टरमध्ये दिसतंय.

एक वाद मिटलेला नाही. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कायदा नाही, आणि पोर्टलवरून तशी विचारणा येते. मुलाचं म्हणणं, ओळखपत्र आहे, सज्ञान आहेत, द्यायची. अण्णा देत नाहीत. राहत्या घराचा धंदा केला की अशा प्रश्नांवर मालकाचा स्वभाव चालतो, हिशेबनिसाचा नाही. त्यामुळे जाणारं उत्पन्न मी कागदावर दाखवलं आणि गप्प बसलो.

आता तुलना. हाच मजला महिन्याच्या भाड्यानं दिला असता तर आठ हजारांनी वर्षाचे ९६ हजार घरबसल्या आले असते. म्हणजे रोजभाड्यानं जास्तीचे मिळाले ६९ हजार. ८० मुक्कामांनी भागलं तर दर वेळी दार उघडण्याचे साडेआठशेच्या आसपास. रात्री अकराला जिना चढून गीझर दाखवण्याचे साडेआठशे तुम्हाला पुरेसे वाटतात का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. अण्णांना पुरेसे वाटतात. निवृत्तीनंतर एवढी माणसं भेटली नव्हती, असं ते म्हणतात. आईंना विचारलं तर त्या मावशींची रजा कधी आहे ते आधी सांगतात. आणि गुंतवलेले पावणेचार लाख याच गतीनं निघायला सव्वादोन वर्षं लागतील, त्यातलं न्हाणीघर आणि रंग तर साध्या भाडेकरूसाठीही करावाच लागला असता.

हेच आकडे जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर ठेवले तर चित्र उघडं पडतं. तिथं अण्णा नाहीत, म्हणून किल्ली देणारा माणूस ठेवायचा, महिना निदान पाच हजार. सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजार. दवाखाने लांब, म्हणजे सर्वांत शांत पाहुणा कमी. वरच्या मजल्यावर सुटलेल्या महिन्याच्या पावणेचौदा हजारांतून सात-सव्वासात उरतात आणि हप्ता २६ हजार. दर महिन्याला १९ हजार पगारातून घालायचे आणि त्याला गुंतवणूक म्हणायचं. जागेचा भाव वाढेल म्हणून घ्यायचा असेल तर तसा घ्या, भाडेकरू ठेवा, महिन्याला दहा-अकरा हजार मिळवा. पण रोजभाडं हप्ता फेडेल या आशेवर नको. मुलानं टोकन दिलं नाही.

सध्या त्यांचं लक्ष गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका घराच्या तळमजल्यावर आहे. विकत नाही, भाड्यानं. मालक नऊ हजारांत द्यायला तयार आहे. छापील लीव्ह अँड लायसन्समध्ये पोटभाड्याला सरळ मनाई असते, म्हणून पाहुण्यांना रोजावर देण्याची मुभा करारात स्वतंत्र कलम घालून मागितली आहे आणि करार नोंदवायचा, हे मालकाला मान्य आहे. भाड्यानं घेतलेल्या त्या घरात अण्णा स्वतः राहणार नाहीत, त्यामुळे न्याहारी-निवासची नोंदणी तिथं चालणार नाही. त्याचा वेगळा मार्ग बघावा लागेल. दोन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता यावं असं मुलाचं म्हणणं, मालकाला अकरा महिन्यांचा लॉक-इन हवा आहे. एवढं जमण्यासारखं आहे. अडलंय ते हौदावर: हौद सामाईक आहे, वरच्या मजल्यावर मालकाचं सात माणसांचं कुटुंब, आणि पाळीच्या दिवशी आधी कुणाची टाकी भरायची हे करारात लिहायला मालक राजी नाही. अण्णांनी सांगितलंय, ते लिहून मिळेपर्यंत सही करायची नाही.